जुनी बलेनो की जुनी जॅझ? गोव्यातील कुटुंबांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच लाखांच्या आत सेकंड-हँड गाडी घ्यायची, घरात चार-पाच माणसे, रोज फोंडा ते पणजी किंवा म्हापसा ते पर्वरी अशी ये-जा, रविवारी कुलदेवतेचे दर्शन आणि वर्षातून दोन-तीनदा चोर्ला घाटातून बेळगाव. अशा गरजेच्या मंडळींकडून गेल्या दोन वर्षांत आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तुलना २०१५ ते २०२० या काळातील मारुती सुझुकी बलेनो आणि होंडा जॅझ या दोन गाड्यांची, आणि तीही केवळ पेट्रोल इंजिनाची आहे.

या दोनच गाड्या का निवडल्या?

कारण दोन्ही एकाच मापाच्या आहेत. जॅझची तिसरी पिढी जुलै २०१५ मध्ये भारतात आली आणि बलेनो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. दोन्हींची लांबी चार मीटरच्या किंचित आत, दोन्हींत १.२ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, दोन्हींत टायमिंग चेन असल्यामुळे ठरावीक अंतरानंतर बेल्ट बदलण्याचा मोठा खर्च नाही. स्विफ्ट किंवा ग्रँड आय१० मध्ये मागे तिघे बसले की खांदे एकमेकांना लागतात, तसे या दोन गाड्यांत सहसा होत नाही. आय२० वगळली ती वाईट आहे म्हणून नव्हे, तर तिसरी गाडी यादीत आली की घरातली चर्चा पुढच्या चवथीपर्यंत चालते, असा अनुभव आहे.

जॅझचे उत्पादन बंद झाले आहे. मग ती घेणे धोक्याचे नाही का?

जॅझची भारतातील विक्री २०२३ मध्ये थांबली, हे खरे. मात्र तिचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन होंडाच्याच अमेझमध्येही आहे, आणि अमेझ आजही विकली जाते. त्यामुळे फिल्टर, प्लग, वॉटर पंप, इंजिन माउंटिंग यांसारख्या झिजणाऱ्या सुट्या भागांची चिंता करण्याचे कारण नाही. अडचण येते ती बाहेरच्या भागांची. हेडलाइट, बंपर, मागचा दिवा किंवा दरवाजाचा पत्रा लागला तर मागणी नोंदवून वाट पाहावी लागते, आणि तेवढे दिवस गाडी गॅरेजमध्ये उभी राहते.

याउलट बलेनोचा कोणताही भाग मडगाव, पणजी, म्हापसा येथील स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत सहज मिळतो आणि गावातला मेस्तही ती डोळे मिटून उघडतो. आपण काणकोण, सांगे किंवा वाळपईच्या बाजूला राहत असाल, तर अधिकृत कार्यशाळा घरापासून किती दूर आहे हा प्रश्न गाडीच्या रंगापेक्षा बराच महत्त्वाचा आहे. तिसवाडी, बार्देश किंवा सासष्टीत राहणाऱ्याला तो तितका जाचत नाही.

मागच्या आसनावर आई-वडील बसतात. त्यांना कोणती गाडी सोयीची?

जॅझ. येथे आम्ही आडपडदा ठेवत नाही. जॅझमध्ये इंधनाची टाकी मागच्या आसनाखाली नसून पुढच्या आसनांखाली आहे, आणि त्यामुळे मागच्या बाजूला पाय ठेवायला व आसन रचायला मोकळी जागा मिळाली आहे. छत उंच आहे, काचा मोठ्या आहेत आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत शिरताना फारसे वाकावे लागत नाही. दोन्ही गाड्यांच्या व्हीलबेसमधील, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधल्या अंतरातील, फरक कागदावर नगण्य, म्हणजे जॅझचा २,५३० आणि बलेनोचा २,५२० मिलिमीटर इतकाच आहे. परंतु बसल्यावर जो मोकळेपणा जाणवतो तो लांबीचा नसून उंचीचा आहे.

बलेनोतही पाय पसरायला भरपूर जागा आहे, फक्त तिचे छत मागे उतरते आणि उंच माणसाचे डोके त्याच्या जवळ जाते. मागच्या आसनांसाठी एसीचे स्वतंत्र झरोके या काळातील दोन्ही गाड्यांत नाहीत, हे एप्रिल-मेच्या दुपारी लक्षात येते.

गाडी बघायला जाताना आईला किंवा वडिलांना सोबत न्यावे आणि त्यांना दोन वेळा बसून उतरायला सांगावे. पहिल्या वेळी माणूस संकोचाने चटकन उतरतो. दुसऱ्या वेळी तो दरवाजाचा वरचा काठ धरतो की नाही, हे बघावे.

चवथीला मूळ घरी जाताना सामान मावेल का?

डिकीची क्षमता जॅझची ३५४ लिटर आणि बलेनोची ३३९ लिटर आहे. फरक एका पिशवीचा. मात्र बलेनोच्या डिकीचा उंबरा उंच असल्यामुळे जड खोके उचलून आत टाकावे लागते, तर जॅझमध्ये ते तुलनेने सहज सरकवता येते. जॅझच्या २०१८ पूर्वीच्या वरच्या प्रकारांमध्ये मागच्या आसनाची बैठक वर उचलून उभी करण्याची सोय होती, जिला कंपनी मॅजिक सीट म्हणत असे. माटोळीचे केळीचे घड, नारळांची पोती किंवा उंच समई उभी ठेवायची तर ही सोय फार उपयोगी पडते. जुलै २०१८ च्या सुधारित आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. त्यामुळे या एका बाबतीत जुनी जॅझ नव्या जॅझपेक्षा सरस आहे.

मायलेजमध्ये किती फरक पडेल?

कंपनीने जाहीर केलेले सुरुवातीचे आकडे मॅन्युअल बलेनोसाठी लिटरला २१.४ किलोमीटर आणि मॅन्युअल जॅझसाठी १८.७ किलोमीटर असे होते. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात, पण बलेनो हलकी असल्यामुळे ती पुढेच राहते. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी या आकड्यांप्रमाणे हिशोब केला तर बलेनोला सुमारे ४६७ आणि जॅझला सुमारे ५३५ लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव ९६ रुपये धरला तर वर्षाचा फरक साडेसहा हजारांच्या आसपास येतो. वर्षाला पाच हजार किलोमीटरही न फिरणाऱ्या निवृत्त जोडप्याने त्याचा विचार करू नये. रोज मडगावहून पणजीला जाणाऱ्याने मात्र अवश्य करावा.

सुरक्षिततेच्या चाचण्यांत कोणती पुढे आहे?

गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२२ च्या आरंभी जाहीर केलेल्या निकालात भारतात बनलेल्या जॅझला प्रौढ प्रवाशांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. बलेनोची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. युरो एनकॅपने २०१६ मध्ये तपासलेल्या बलेनोला मूळ स्वरूपात तीन आणि जादा सुरक्षा साधनांसह चार तारे मिळाले होते, तर लॅटिन एनकॅपने २०२१ मध्ये भारतात बनलेल्या बलेनोला शून्य तारे दिले. या तिन्ही संस्थांच्या कसोट्या वेगवेगळ्या आहेत. लॅटिन अमेरिकेच्या चाचणीत बाजूने बसणारा धक्का आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा यांनाही वजन असते. म्हणून शून्य आणि चार हे आकडे एकाच पट्टीवर ठेवणे चुकीचे ठरेल. तरीही जास्त वजन आणि चांगला निकाल पाहता आमचा कल जॅझकडे झुकतो.

एक गोष्ट मात्र जॅझच्या विरुद्ध जाते. बलेनोच्या सर्व प्रकारांत सुरुवातीपासून दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) होते, तर २०१५ च्या जॅझच्या अगदी खालच्या प्रकारात एअरबॅग नव्हत्या. स्वस्त मिळते म्हणून अशी जॅझ घेऊ नये. स्टिअरिंगवर आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण आहे का, आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझतो का, हे दोन्ही बघावे. दिवा मुळीच लागत नसेल तर तो कोणीतरी काढून टाकलेला असू शकतो.

कोणत्या वर्षाची गाडी शोधावी?

आमच्या मते दोन्हींसाठी २०१७ ते २०१९. त्यापूर्वीच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी लवकर संपत येते, आणि त्यानंतरची पाच लाखांत बसणे कठीण.

कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची बाब येथेच सांगणे योग्य. ऑगस्ट २०१५ ते मे २०१६ दरम्यान बनलेल्या ७५,४१९ बलेनो एअरबॅगच्या सॉफ्टवेअरसाठी, आणि ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ दरम्यान बनलेल्या पेट्रोल बलेनो इंधन पंपासाठी परत बोलावल्या गेल्या होत्या. २०१८ ते २०२० या काळातील काही जॅझ गाड्यांचाही इंधन पंप बदलण्यात आला. ही कामे कंपनी विनामूल्य करते. चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की काम बाकी आहे का ते कळते, आणि बाकी असेल तर व्यवहारापूर्वी मालकाकडूनच ते करून घ्यावे. बोलावणी झाली म्हणजे गाडी खराब, असा अर्थ कोणी काढू नये. काम न केलेला मालक मात्र बाकीच्या देखभालीतही तसाच असण्याचा संभव असतो.

प्रकार निवडताना एक बारीक मुद्दा. बलेनोच्या वरच्या प्रकारांना १६ इंची चाके आणि बसके टायर आहेत. दिसायला ती देखणी, पण पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत रिम वाकण्याची आणि टायर फुगण्याची भीती अधिक. १५ इंची चाकांचा प्रकार गोव्याच्या अंतर्भागातील रस्त्यांना अधिक मानवतो.

ग्लान्झाचा विचार करावा का?

करावा. जून २०१९ पासून टोयोटाने विकलेली ग्लान्झा म्हणजे नाव बदललेली बलेनोच आहे. चांगल्या स्थितीतील गाडी समोर आली तर बोधचिन्हाकडे पाहून ती सोडू नये.

ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर?

या काळातील दोन्ही गाड्यांमध्ये सीव्हीटी प्रकारचा, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर सलग चालणारा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो. पणजीतील मळ्यापासून मेरशीपर्यंतच्या रांगेत किंवा पर्वरीच्या कोंडीत तो फार सुखाचा वाटतो. तो बिघडला तर दुरुस्तीचा खर्च मात्र असा असतो की स्वस्तात घेतल्याचा आनंद एका फटक्यात नाहीसा व्हावा. म्हणून सीव्हीटीची गाडी घेताना तिचे तेल वेळेवर बदलल्याची नोंद असल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडी पूर्ण गरम झाल्यावर चढावर अगदी हळू चालवून बघावी. थरथर जाणवली किंवा पाय दाबल्यानंतर इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी मागे रेंगाळली, तर मालक काहीही म्हणो, ती गाडी सोडावी. नोंदी सारख्याच असतील तर ऑटोमॅटिकमध्ये आम्ही जॅझ आणि मॅन्युअलमध्ये बलेनो घेऊ.

गोव्याची खारी हवा आणि पाऊस यांमुळे काय तपासावे?

हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पुण्यातील दहा वर्षांची गाडी आणि कळंगुट, बाणावली किंवा वास्कोच्या किनाऱ्यालगत उघड्यावर उभी राहिलेली पाच वर्षांची गाडी यांत पत्र्याच्या दृष्टीने दुसरीच म्हातारी असू शकते. वरचा रंग चकचकीत करणे सोपे असते. गंज खालून येतो.

गाडी मेस्ताच्या रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय भाव बोलू नये. सायलेन्सरच्या मागच्या डब्याचे जोड, पुढच्या चाकांना धरणारे लोखंडी आडवे बीम, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या आणि जॅक लावायच्या जागा यांवर बोटाने दाबून पाहावे. वरवरचा तांबूस थर सर्वच गाड्यांवर असतो आणि त्याची भीती बाळगू नये; खपली निघाली आणि खाली पत्रा पातळ लागला तर मात्र तो गंज आत शिरलेला आहे. खालून नुकताच काळा थर मारलेला दिसला, तर तो संरक्षणासाठी मारला की लपवण्यासाठी, हे विचारावे. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की दरवाजा आतून कुजतो. खाणपट्ट्यातील, म्हणजे डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागात वापरलेल्या गाड्यांत ही भोके लाल मातीने भरलेली हमखास सापडतात.

एसीचा कंडेन्सर पुढच्या जाळीमागे असतो आणि खाऱ्या हवेने त्याच्या पातळ पट्ट्या चुरगळतात. टॉर्च मारून पाहावे. एसी सुरुवातीला गार हवा देतो आणि अर्ध्या तासाने मंदावतो अशी गाडी असेल, तर दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करावेत.

आतील वास हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार असतो. जुलै-ऑगस्टमध्ये बंद राहिलेल्या गाडीच्या आसनांवर आणि सीटबेल्टवर बुरशी येते. ती पुसता येते, वास जात नाही. सुगंधी डबी टांगलेली गाडी दाखवायला आणली, तर ती डबी आदल्या दिवशी काढून ठेवण्याची विनंती करावी. बोनेट उघडून उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरीही पाहाव्यात. कुळागराजवळ घर असणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

गाडी पावसाळ्यात बघावी की उन्हाळ्यात?

पावसाळ्यात. छताची, दरवाजांची आणि डिकीची गळती तेव्हाच कळते. फक्त खालचा भाग चिखलाने झाकलेला असल्यामुळे आधी धुऊन घ्यावा लागतो.

गाडी पूर्वी भाड्याने फिरलेली आहे, हे कसे ओळखावे?

गोव्यात पर्यटकांना स्वतः चालवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या रेंट-अ-कॅब गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. अशा गाड्या काही वर्षांनी खासगी नोंदणीत बदलून पांढऱ्या पाटीवर विकल्या जाऊ शकतात, आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. बेकायदेशीर असते ते पांढऱ्या पाटीची खासगी गाडीच भाड्याने देणे, आणि तिचा माग कागदावर लागत नाही. दर तीन दिवसांनी नवा चालक, थंड इंजिनावर सुसाट वेग आणि किनाऱ्यावरची वाळू या तीन गोष्टी अशा गाडीच्या वाट्याला आलेल्या असतात.

आमच्याच बाबतीत घडलेली गोष्ट सांगतो. एका विक्रेत्याने २०१७ ची, केवळ ३८,००० किलोमीटर चाललेली जॅझ दाखवली आणि पहिला मालक एक वयस्क डॉक्टर असल्याचे सांगितले. गाडी मनात भरली होती. सहज म्हणून चालकाचे आसन पूर्ण मागे सरकवले, तर ते करकरले. रुळांत बोट घातले तेव्हा वाळू निघाली. वयस्क डॉक्टर समुद्रावर जात नसतील असे नाही, परंतु चारही दरवाजांच्या खिशांत वाळू सापडल्यावर आम्ही जुन्या विमा पॉलिसीची प्रत मागितली. तिच्यावर वाहनाचा वर्ग खासगी नव्हता. विक्रेत्याने त्यानंतर किंमत चाळीस हजारांनी उतरवली आणि आम्ही चहा न घेताच निघालो.

म्हणून जुनी पॉलिसी मागावी, नोंदणीपत्रावर पहिल्या मालकाच्या जागी व्यक्तीचे नाव आहे की संस्थेचे ते पाहावे, आणि एमपरिवहन ॲपवर दिसणारा वाहनवर्ग व मालकांचा क्रम ताडून घ्यावा.

मीटर फिरवला आहे का, हे कसे कळेल?

अधिकृत कार्यशाळेत प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी किलोमीटरची नोंद होते. मालकाला सोबत घेऊन तेथे गेल्यास नोंदी पाहता येतात, आणि शेवटच्या दोन नोंदींमधील आकडा मागे गेलेला असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. नोंदी नसतील तर क्लच पेडलचे रबर, स्टिअरिंगची डावी बाजू आणि गिअरची मूठ पाहावी. टायरच्या बाजूवर चार अंकांत आठवडा आणि वर्ष छापलेले असते. ३०,००० किलोमीटरच्या गाडीवर टायरचा दुसरा संच का, याचे उत्तर मालकाजवळ असायला हवे.

महाराष्ट्र, कर्नाटक किंवा दिल्लीची गाडी स्वस्त मिळते. घ्यावी का?

स्वस्ताईचा हिशोब पूर्ण करून मगच ठरवावे. परराज्यातील गाडीसाठी तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तेथे नवी नोंदणी करणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या वेळी गोव्याचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. मूळ राज्यातून कराचा परतावा मागता येतो, पण तो मागणारा पाठपुरावा करणारा असावा लागतो. पत्र्याच्या दृष्टीने घाटावरची कोरड्या हवेतील गाडी चांगली, हा तिचा खरा गुण आहे.

कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या गाड्यांबाबत एक सावधगिरी हवी. तेथे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये मोठे पूर आले होते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या खालच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, आणि डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट थर आहे का, हे पाहावे. विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मागावा.

कोणती कागदपत्रे आणि किती मुदत?

राज्यातल्या राज्यात हस्तांतरणासाठी विक्रेत्याने फॉर्म २९ आणि खरेदीदाराने फॉर्म ३० द्यायचा असतो. कायद्याप्रमाणे विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन नोंदणीपत्रावरील बोजा आधी उतरवावा. ‘कर्ज फिटले आहे, पत्र नंतर देतो’ या वाक्यावर कोणी पैसे देऊ नयेत. परिवहन संकेतस्थळावर थकीत चलन पाहावेत, आणि पीयूसी चालू आहे का तेही. जीए-०३ ची गाडी जीए-०५ च्या हद्दीत आली म्हणून क्रमांक बदलत नाही, एवढे येथे सांगून ठेवतो, कारण हा प्रश्नही येतो.

विमा आपोआप आपल्या नावावर होतो का?

तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा मंजूर व्हावा यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. विक्रेत्याला मिळत असलेली ५० टक्क्यांपर्यंतची सवलत आपल्याला मिळणार नाही, त्यामुळे त्याने दाखवलेला हप्ता आणि आपला हप्ता यांत फरक पडेल, हे धरूनच बजेट आखावे.

ओळखीतल्या माणसाकडून घ्यावी की डीलरकडून?

ओळखीतल्या माणसाकडून घेतलेल्या गाडीचा इतिहास कळतो, आणि बिघडली तर ओळख बिघडते. नोंदणीकृत डीलर जुन्या गाडीवरील आपल्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरतो; दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारावर तो लागत नाही. डीलरने पूर्ण किमतीवर १८ टक्के मागितले तर ते चूक आहे.

नवीन गाड्या स्वस्त झाल्यावर जुन्यांचे भाव उतरले का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. नव्या गाडीची किंमत उतरल्यावर जुनीने जुन्याच भावाला चिकटून राहण्याचे कारण नाही. त्याच प्रकारच्या नव्या गाडीची आजची किंमत छापून सोबत न्यावी आणि ती शांतपणे टेबलावर ठेवावी. जॅझची नवी किंमत उपलब्ध नसल्याने तिच्या बाबतीत मालकाच्या अपेक्षेला तेवढा आधारही राहत नाही.

चालवून बघण्यासाठी कोणता रस्ता निवडावा?

डीलरच्या दारातून वळसा घालून परत येणे म्हणजे चाचणी नव्हे. फोंड्याच्या बाजूला असाल तर फर्मागुढीचा चढ, पुढे म्हार्दोळ-मंगेशीपर्यंतचा वाहता रस्ता, आणि परतताना एखाद्या वाड्यातील गतिरोधकांचा अरुंद रस्ता घ्यावा. पणजीत असाल तर आल्तिनोचा चढ पुरेसा आहे. चढावर थांबून दुसऱ्यांदा उचलताना क्लच कुठे पकडतो ते कळते, गतिरोधकांवर सस्पेंशनचे बुश आणि लिंक रॉड बोलू लागतात, आणि वाहत्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरले की गाडी एका बाजूला ओढते का ते समजते. इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करावे. आपण पोचण्यापूर्वी बोनेट गरम असेल तर का, असे विचारायला संकोच नको.

ई२० पेट्रोलचा त्रास होईल का?

या गाड्या ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले, पेट्रोल सर्वत्र येण्यापूर्वीच्या आहेत. मायलेज थोडे उतरते. रबरी नळ्या आणि सील जुने झाले असतील तर पहिल्या सर्व्हिसमध्ये तपासून घ्यावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने भरलेल्या टाकीसह उभी ठेवू नये. नोकरीनिमित्त आखातात किंवा जहाजावर असणाऱ्यांच्या घरी हे नेमके घडते.

आपण स्वतः शेवटी काय घेतले?

मन जॅझवर होते. तीन महिन्यांत चार जॅझ पाहिल्या. एकीची गोष्ट वर सांगितली, दुसरीत बुरशीचा वास होता, तिसरीचा गिअरबॉक्स चढावर थरथरला आणि चौथीच्या मालकाने भाव सोडला नाही. अखेर फोंड्यातच एका शिक्षकांची २०१८ ची मॅन्युअल बलेनो मिळाली, जी बंद गॅरेजमध्ये उभी असे आणि जिच्या प्रत्येक सर्व्हिसची पावती त्यांनी फायलीत लावून ठेवली होती. आईला मागे बसताना किंचित वाकावे लागते, आणि ती ते अधूनमधून बोलून दाखवते.

पहिल्या महिन्यात किती खर्च धरावा?

किमतीच्या दहा टक्के बाजूला ठेवावेत. इंजिन तेल, सर्व फिल्टर, ब्रेकचे तेल, कूलंट, वायपर, बॅटरीची तपासणी आणि पावसाळ्यापूर्वी खालच्या भागावर गंजरोधक थर, एवढी कामे विक्रेत्याने ‘आत्ताच केली’ म्हटले तरी पुन्हा करावीत. टायर पाच-सहा वर्षांचे असतील तर त्यांची किंमत आधीच भावातून वजा झालेली असावी.

पैसे केव्हा आणि कसे द्यावेत?

विसार म्हणून थोडी रक्कम बँकेतून पाठवावी आणि पावतीवर चासी क्रमांक लिहून घ्यावा. उरलेली रक्कम फॉर्मवर सह्या होऊन दोन्ही चाव्या, मूळ नोंदणीपत्र आणि विमा हातात आल्यावर द्यावी. ताबा घेतल्याचे पत्र करताना तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण त्याच दिवशी सकाळी दहाला झालेले चलन कोणाचे आणि संध्याकाळी पाचला झालेले कोणाचे, हे त्या एका ओळीवरून ठरते.